पाठ कोणाची होती? : बार्सेलोनाच्या किनाऱ्याविषयी

बार्सेलोनाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवण्याआधीच प्रवाशाच्या कानावर एक वाक्य पडते. पर्यटनपत्रिकेत ते असते, वाटाड्याच्या तोंडी असते आणि नगररचनेवरील गंभीर लेखनातही थोड्याफार फरकाने आढळते : १९९२ च्या ऑलिंपिकपूर्वी हे शहर समुद्राकडे पाठ करून बसले होते, ऑलिंपिकने त्याचे तोंड समुद्राकडे वळविले. वाक्य सुटसुटीत आहे, प्रतिमा ठसठशीत आहे. आम्ही दोघेही साहित्याचे अध्यापक असल्याने प्रतिमा फारच ठसठशीत असली की थोडे सावध होतो. शहराला पाठ आहे असे म्हटले की त्याला एकच देह आणि एकच चेहरा आहे, हेही आपण न बोलता मान्य करून बसतो. समुद्राकडे पाठ होती ती नेमकी कोणाची, एवढा एकच प्रश्न मनात धरून आम्ही जून महिन्यातले चार दिवस ह्या किनाऱ्यावर हिंडलो. प्रस्तुत लेखातही तेवढाच प्रश्न आहे.

किनाऱ्याची लांबी सुमारे साडेचार किलोमीटर. शिडाच्या आकाराच्या एका उंच हॉटेलापाशी त्याचा आरंभ होतो. मग सान सेबास्तिया, बार्सेलोनेता, सोमोरोस्त्रो, मध्ये नौकांचा ऑलिंपिक धक्का, पुढे नोव्हा इकारिया, बोगातेल, मार बेया अशी एकेका पुळणीची नावे. भुयारी रेल्वेतून उतरून पंधरा मिनिटे चालले की पायाखाली वाळू येते. प्रवेशशुल्क नाही, कुंपण नाही. व्हॉलीबॉलच्या जाळ्या आहेत, आणि उन्हाळ्यात दुपारी बारानंतर गेल्यास पंचा अंथरायला जागा मिळेलच अशी खात्री नाही. थंड पेयांचे डबे पिशवीत घालून फिरणारी मुले पंजाबी, उर्दू, बंगाली बोलणारी. त्यांतल्या एकाने आमची चेहरेपट्टी पाहून सरळ हिंदीतच भाव सांगितला आणि आम्हीही आमच्या मराठी वळणाच्या हिंदीत घासाघीस केली. व्यवहार पुरा होतो न होतो तोच पोलिसांची गाडी दिसली आणि तो गर्दीत नाहीसा झाला. किनाऱ्यावर राहणे आणि किनाऱ्यावरून हाकलले जाणे ह्या दोन क्रियांचा येथे फार जुना संबंध आहे, हे तेव्हा आम्हांस पुरते उमगले नव्हते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा किनारा आणखी एका कारणाने ओळखीचा असतो. सर्व्हान्तिसच्या ‘डॉन किहोते’चा दुसरा भाग १६१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटाकडे नायक बार्सेलोनास येऊन पोहोचतो. वास्तविक त्याला जायचे होते सारागोसा येथे. परंतु आदल्याच वर्षी आव्हेयानेदा हे नाव घेतलेल्या कोणा लेखकाने ह्या कादंबरीचा एक खोटा दुसरा भाग छापून त्यात नायकाला सारागोसास नेले होते. तेव्हा त्या तोतयाला खोटे पाडण्यासाठी खऱ्या किहोतेने वाट बदलली. संत योहानाच्या सणाच्या आदल्या रात्री तो व सान्चो किनाऱ्याशी येतात आणि उजाडल्यावर दोघांनाही आयुष्यात प्रथमच समुद्र दिसतो. (ह्या कादंबरीतील दिनदर्शिका नीट जुळत नाही हे अभ्यासकांना ठाऊकच आहे, सान्चोने बायकोला धाडलेल्या पत्रावर याआधीच जुलैची तारीख पडलेली असते. असो.) समुद्र पाहून दोघेही थक्क होतात, पण सान्चोचे लक्ष वल्ह्यांवर चालणाऱ्या गलबतांकडे अधिक आहे. पाण्यावरच्या त्या धुडांना इतके पाय कसे, असे त्याला वाटते. ते पाय हलविणारी माणसे साखळदंडाने जखडलेले कैदी असतात, हे त्याला दोन प्रकरणांनंतर गलबतावर चढल्यावर कळते.

पुढे एका सकाळी अंगावर सगळी शस्त्रे चढवून किहोते ह्याच पुळणीवर फेरफटका मारीत असताना शुभ्रचंद्राचा सरदार त्याला आव्हान देतो आणि पहिल्याच धडकेत घोड्यासह खाली पाडतो. हरणाऱ्याने वर्षभर शस्त्र खाली ठेवून गावी परतायचे, ही अट. येथून पुढे कादंबरीला एकच वाट उरते, ती घराकडची आणि मरणाकडची. युरोपीय कादंबरीतल्या सर्वांत प्रसिद्ध पराभवाची जागा म्हणजे एक शहरी चौपाटी होय, हे वर्गात शिकविताना आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. सर्व्हान्तिसच्या किनाऱ्यावर कोणी हवा खाण्यास बसलेले नाही. तेथे गलबते आहेत, पहारे आहेत, तोफा आहेत, राबणारी माणसे आहेत. शहराचे तोंड समुद्राकडेच आहे, कारण पोट समुद्राकडे आहे.

ज्या वाळूवर तो पडला ती मात्र आज पाण्यालगत राहिलेली नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदराचा दगडी धक्का बांधावयास घेतला, आणि किनाऱ्यालगत ईशान्येकडून वाहत येणारी वाळू त्याला अडून साचू लागली. धक्का लांबत गेला तशी वाळूही लांबत गेली. होता होता जेथे पाणी होते तेथे जमिनीचा एक त्रिकोण तयार झाला. आज ज्याला बार्सेलोनेता म्हणतात ती सबंध वस्ती ह्या साचलेल्या वाळूवर उभी आहे. म्हणजे ऑलिंपिकने किनारा घडविला हे म्हणणे खरे असले तरी किनारा घडविण्याचा तो पहिला प्रसंग नव्हे.

ह्या वस्तीचा जन्म एका पराभवातून झाला. ११ सप्टेंबर १७१४ रोजी, दीर्घ वेढ्यानंतर, बार्सेलोना पाचव्या फिलिपच्या सैन्याच्या हाती पडले. जिंकलेल्या शहरावर वचक ठेवण्यासाठी राजाने तेथे एक प्रचंड गढी बांधविली आणि तिच्यासाठी ला रिबेरा ह्या दाट, गजबजलेल्या भागातील सुमारे हजार घरे पाडली. त्यांतले काही लोक, आणि त्यांच्यासोबत कोळी, खलाशी, बंदरावरचे हमाल, वाळूवर झोपड्या घालून राहिले. नवी वस्ती बांधण्याचा मुहूर्त उगवला तो थेट १७५३ साली. घर गमावलेल्यांपैकी कितीजण तोवर हयात असतील, याचा अंदाज वाचकाने करावा.

नव्या वस्तीचा आराखडा लष्करी अभियंत्याचा, हुआन मार्तिन सेर्मेन्योचा. पट्टीने आखल्यासारख्या सरळ, अरुंद गल्ल्या. प्रत्येक घर ८.४ मीटर लांब व तितकेच रुंद. तळमजला आणि वर एक मजला, त्याहून उंच नाही. उंची कमी ठेवण्याचे कारण सौंदर्यदृष्टी नव्हे. गढीवरच्या तोफांच्या माऱ्याआड घरे येता कामा नयेत, हे ते कारण. पुढे माणसे वाढली तसे प्रत्येक मजल्याचे दोन भाग झाले आणि सुमारे ३५ चौरस मीटरांच्या ह्या तुकड्याला कातालान भाषेत ‘घराचा चतकोर’ असे नाव पडले. एकेका चतकोरात एकेक कुटुंब. मग मजल्यांवर मजले चढले, पण चतकोर चतकोरच राहिला. आम्ही त्या गल्ल्यांतून हिंडलो तेव्हा सज्जांवर वाळत घातलेले कपडे समोरासमोर जवळजवळ एकमेकांना टेकत होते.

एकोणिसाव्या शतकाचा किनारा थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. १८४८ साली इबेरियन द्वीपकल्पातील पहिली आगगाडी बार्सेलोनाहून मातारोस धावली ती समुद्रालगत, आणि तिच्या रुळांनी शहर व पाणी यांच्यामध्ये एक रेघ ओढली. पोब्लेनोऊच्या बाजूस कापडगिरण्या व कारखाने उभे राहिले, बार्सेलोनेतात यंत्रांचे कारखाने व वायुनिर्मिती आली, सांडपाण्याचे नाले समुद्राकडे वळले. पाठ फिरविली म्हणतात ती ही. परंतु ती फिरविणारे होते रेल्वेकंपन्यांचे व कारखान्यांचे मालक. त्याच काळात बार्सेलोनेतात समुद्रस्नानाची स्नानगृहे चालू होती, १९०७ साली तेथे पोहण्याचा क्लबही निघाला, आणि कामगारांची पोरे रूळ ओलांडून पाण्यात उड्या मारीत होती. ज्यांना दुसरीकडे जाण्याची सोय होती त्यांनी हा किनारा सोडला. ज्यांना नव्हती ते येथेच राहिले.

अशा न सोडणाऱ्यांची सर्वांत मोठी वस्ती म्हणजे सोमोरोस्त्रो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बार्सेलोनेताच्या पलीकडे वाळूवर झोपड्या पडू लागल्या. आरंभी जिप्सी कुटुंबे. मग आंदालुसिया, मुर्सिया ह्या दक्षिणेकडील दरिद्री प्रांतांतून कामाच्या शोधात आलेले मजूर. यादवी युद्धानंतर तर लोंढाच. विसाव्या शतकाच्या पन्नाशीत येथील लोकसंख्या दहा हजारांवर गेली होती. फळकुटे, पत्रे, डांबरी कागद यांच्या झोपड्या. पाण्याचे मोजकेच नळ. एका अंगाला वायूचा कारखाना, दुसऱ्या अंगाला संसर्गजन्य रोगांचे इस्पितळ, आणि वस्तीलगत समुद्राला मिळणारे बोगातेलचे गटार. हिवाळ्यात पूर्वेचे वादळ उठले की लाटा घरात शिरत आणि कित्येकदा घरच घेऊन जात. ह्या लोकांना समुद्राकडे पाठ करणे शक्यच नव्हते. रात्री तो उशाशी होता.

ह्या वस्तीतून कार्मेन आमाया आली. तिचा जन्म १९१३ चा की १९१८ चा याविषयी मतभेद आहेत. झोपडपट्टीतल्या जन्माची नोंद काळजीपूर्वक कोण ठेवणार? लहानपणी बापाच्या गिटारीवर खानावळींतून नाचणारी ही पोर पुढे अमेरिकेत गाजली आणि फ्लामेंको नृत्याचे जगप्रसिद्ध नाव झाली. १९५९ साली बार्सेलोनाने तिच्या नावाचे एक कारंजे बार्सेलोनेतात बांधले व त्याच्या समारंभास तिला बोलाविले. गंमत अशी, की त्याच सुमारास समुद्रकाठच्या नव्या फेरफटक्याच्या रस्त्यासाठी सोमोरोस्त्रोच्या झोपड्या हटविल्या जात होत्या. तेथून हाकेच्या अंतरावर जी वस्ती पाण्याच्या घागरीसाठी रांगा लावीत होती, तिच्या लेकीच्या नावाने कारंजे उडू लागले!

१९६३ साली रोव्हिरा बेलेता ह्या दिग्दर्शकाने ‘लोस तारान्तोस’ हा चित्रपट काढला. कथा रोमिओ-ज्युलिएटची, पण घराणी दोन जिप्सी कुटुंबांची आणि रंगभूमी सोमोरोस्त्रोची. खुद्द आमाया त्यात नायकाच्या आईच्या भूमिकेत आहे. चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. आमाया मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात वारली. आम्हांस हा चित्रपट त्यातील प्रेमकथेपेक्षा पार्श्वभूमीसाठी मोलाचा वाटतो. वाळू, झोपड्या, पोरे, मागे समुद्र. जे आज कोठेच नाही ते तेथे हलताना दिसते. तीनच वर्षांनी, जून १९६६ मध्ये, नौदलाच्या कवायती पाहण्यासाठी फ्रँको येणार म्हणून उरलेल्या शेकडो झोपड्या अक्षरशः काही दिवसांत पाडण्यात आल्या. हुकूमशहाच्या नजरेस गरिबी पडू नये, एवढाच घाईचा हेतू. माणसे शेजारच्या बादालोनातील सान रोक वसाहतीत आणि अन्यत्र पांगविली गेली.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाविषयी पर्यटनपत्रिका बहुधा मौन पाळतात. तेथे काम्प दे ला बोता नावाची जागा होती. १९३९ ते १९५२ ह्या काळात फ्रँकोच्या राजवटीने ह्या ठिकाणी, समुद्राच्या काठी, सतराशेहून अधिक माणसांना गोळ्या घालून ठार केले. जवळच झोपडपट्टी होती. पहाटेचे आवाज तिला ऐकू जात. त्या परिसरात २००४ साली संस्कृतींचा एक जागतिक मेळावा भरला आणि त्यासाठी विस्तीर्ण फरसबंदी चौक, सभागृहे, नवे स्नानस्थळ असे सारे उभे राहिले. मारले गेलेल्यांची नावे एकत्र कोरलेले स्मारक तेथे व्हावयास २०१९ साल उजाडावे लागले. आम्ही गेलो त्या दिवशी तेथे आमच्याखेरीज दोनच माणसे होती. किनाऱ्याच्या अलीकडच्या टोकास त्याच वेळी पाय ठेवायला जागा नव्हती.

आता ऑलिंपिक. येथे न्याय करावयास हवा. ऑलिंपिकच्या पंचवीस वर्षे आधीच कारखानदारांनी ‘रिबेरा आराखडा’ नावाची योजना पुढे आणली होती : जुने कारखाने पाडून किनाऱ्यालगत श्रीमंतांसाठी उंच घरे. त्याविरुद्ध, फ्रँकोचा अंमल चालू असताना, पोब्लेनोऊ आणि बार्सेलोनेताच्या रहिवाशांनी हजारो हरकती दाखल केल्या आणि अखेर योजना बारगळली. त्या मानाने १९८० नंतरच्या लोकनियुक्त नगरपालिकेने, ओरिओल बोइगास प्रभृती वास्तुविदांच्या सल्ल्याने, केलेले काम निश्चितच उदार होते. रूळ हलविले, हमरस्ता काही ठिकाणी खाली दाबला, गटारे वळविली, वाळू आणून ओतली. १९८८ च्या स्पेनच्या किनारा कायद्याने पुळण ही सार्वजनिक मालमत्ता ठरली होतीच. आज कोणीही, कपडे कसलेही असोत, ह्या वाळूवर फुकट बसू शकतो. ही गोष्ट क्षुल्लक नाही. आणि ऑलिंपिकवर सरसकट तोंडसुख घेणाऱ्यांशी आम्ही ह्या बाबतीत सहमत नाही.

परंतु खेळाडूंसाठी बांधलेली घरे पुढे बाजारभावाने विकली गेली. बार्सेलोनेताच्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या, मासळी आणि भात खिलविणाऱ्या साध्या खानावळी त्याच धामधुमीत पाडल्या गेल्या. त्यांच्या जागी १९९२ साली रेबेका हॉर्न ह्या जर्मन शिल्पकर्तीचे एक शिल्प आले : एकावर एक तिरके रचलेले गंजक्या रंगाचे चार घन, जणू कोणी चतकोर घरेच घाईघाईने रचून ठेवली आहेत. ते चांगले शिल्प आहे. पण त्याखाली बसून जेवता येत नाही. मानुएल वास्केस मोन्ताल्बान ह्या कादंबरीकाराने, जो स्वतः ह्याच शहराच्या गरीब वस्तीत वाढला, ऑलिंपिकी उत्साहाची भरपूर टिंगल केली. १९९३ सालची ‘साबोताखे ओलिंपिको’ ही त्याची कादंबरी तर त्यासाठीच आहे.

नावांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते खरी मेख तेथे आहे. ऑलिंपिक वसाहतीला आणि तिच्या पुळणीला ‘नोव्हा इकारिया’, म्हणजे नवे इकारिया, असे नाव दिले गेले. इकारिया हा एत्यें काबे ह्या फ्रेंच लेखकाने १८४० च्या आपल्या कादंबरीत रंगविलेला काल्पनिक देश. तेथे खाजगी मालमत्ता नाही आणि पैसाही नाही. बार्सेलोनात काबेचे निष्ठावंत अनुयायी होते. त्यांतला नार्सिस मोंतुरिओल हा १८४७ मध्ये ह्या विचारांचे पत्र चालवीत असे. पुढे त्याने पाणबुडी बांधली आणि १८५९ साली ती ह्याच शहराच्या बंदरात पाण्यात सोडली. पोब्लेनोऊच्या कामगारवस्तीत इकारियाचे नाव टिकून राहिले होते. मालमत्ता नसलेल्या देशाचे नाव शहरातील महागड्या घरांच्या वसाहतीस देताना कोणाला हसू आले की नाही, हे इतिहास सांगत नाही. सोमोरोस्त्रोचेही तसेच. झोपड्या पाडल्यावर चार दशकांहून अधिक काळ ते नाव नकाशावर नव्हते. २०१० च्या सुमारास इस्पितळासमोरच्या पुळणीला ते अधिकृतपणे परत देण्यात आले आणि नंतर एक स्मृतिफलकही लागला. जुन्या रहिवाशांनी व त्यांच्या मुलांनी यासाठी प्रयत्न केले होते, त्यामुळे आम्ही त्या फलकाला ढोंग म्हणणार नाही. तरी एक क्रम नजरेतून सुटत नाही : माणसे असतात तोवर नाव अडचणीचे असते; माणसे गेली की नाव सोज्ज्वळ होते.

सर्व्हान्तिसच्या बार्सेलोनात एक प्रसंग आहे. किहोतेचा यजमान त्याला शहरात मिरवावयास नेतो आणि त्याच्या नकळत त्याच्या पाठीवर त्याचे नाव लिहिलेला कागद टाचून ठेवतो. वाटेतला जो तो ते नाव मोठ्याने वाचतो. बिचाऱ्या नायकास वाटते, आपली कीर्ती येथवर पोहोचली. पाठीवर लावलेले नाव ज्याचे त्याला वाचता येत नाही. ते असते बघ्यांच्या करमणुकीसाठी. ‘शहराची पाठ’ ह्या प्रतिमेवर इतके वाद झाले आहेत, त्यात हा कागद कोणास आठवावा असे आम्हांस फार वाटते.

त्या संत योहानाच्या रात्री, म्हणजे २३ जूनला, आजही ह्या किनाऱ्यावर हजारो लोक जमतात. फटाके, मद्य, संगीत, पहाटेपर्यंत जागरण. सकाळी सहाच्या सुमारास पालिकेची यंत्रे आणि झाडूवाले येतात, भोंगे वाजवून उरलेल्यांना उठवितात आणि दुपारच्या आत वाळू पुन्हा विंचरल्यासारखी दिसू लागते. वाळू स्वतःही स्थिर नाही. नद्यांचा गाळ घटला आहे, बंदरांच्या भिंतींनी प्रवाह अडविले आहेत, आणि ओतलेली वाळू समुद्र परत नेत असतो. जानेवारी २०२० मधील ग्लोरिया वादळाने तर पुळणींचे लचके तोडले. सोमोरोस्त्रोच्या म्हाताऱ्यांना ह्यात नवल वाटले नसावे.

बार्सेलोनेतात हल्ली दुसरी भरती चढली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये काही पर्यटक दिवसाढवळ्या विवस्त्र अवस्थेत वस्तीत फिरल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. राग नग्नतेपेक्षा भाड्याचा होता. सेर्मेन्योच्या आराखड्यातून निपजलेला तो चतकोर, ज्यात एकेकाळी कोळ्याचे अख्खे कुटुंब राही, आता रात्रीच्या हिशेबाने पर्यटकांना दिला जात होता, आणि कायम राहणाऱ्या भाडेकरूला त्या भावात घर मिळेना. जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी शहरातील १०,१०१ पर्यटकी घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपविण्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या जुलैत निदर्शकांनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पाहुण्यांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडविले, आणि ते चित्र जगभर गेले. आमच्याही मुक्कामाची खोली अशाच एका घरात होती : दुसरा मजला, ३५ चौरस मीटरांहून थोडी कमीच, दारावर किल्लीसाठी आकड्यांची पेटी. समोरच्या सज्जावर निळ्यापिवळ्या रंगाचा वस्तीचा ध्वज टांगलेला होता, आणि त्याच्या मागे एक वृद्ध बाई रोज सकाळी दांडीवर कपडे वाळत घालीत असत. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना नमस्कार केला. त्यांनी आमच्याकडे पाहिले, दांडीवरचा शेवटचा चिमटा लावला आणि आत निघून गेल्या.